बाटली हातात पडेपर्यंत न उठलेल्या मालतीबाई

डॉ. मालतीबाई सबनीस यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट जर्मनीत हायडेलबर्गला, आमच्या रसायनशाळेच्या जिन्यात झाली आणि त्या भेटीत मी त्यांच्याशी खोटे बोलले.

मी डॉक्टरेटसाठी पुण्याहून गेले होते. दिवसभर प्रयोगशाळेत बसायचे, दुपारी शाकाहारी काही मिळाले नाही की केक खायचा, संध्याकाळी खोलीवर एकटीने लोणी फासलेला पाव आणि बटाटे. वर्षभरात एकही पोलके अंगाला येईना. अशात वडिलांचे पत्र आले. जवळच्याच लुडविग्सहाफेन गावी नोकरी करणारे एक इंजिनिअर महिन्याभरात मला पाहायला येणार होते. त्यांच्याकडे गेलेला फोटो जुना होता. मी घाबरले. शेजारच्या खोलीतल्या मुलीने भूक मारणाऱ्या गोळ्या दिल्या. दोनाच्या चार केव्हा झाल्या, कळले नाही.

एका सकाळी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठडा धरून खाली बसले. मालतीबाई जवळच्या दवाखान्यात तरुण मुलींच्या लठ्ठपणावर काम करीत आणि काही तपासण्यांसाठी आमच्याकडे येत. त्यांनी माझे मनगट धरून घड्याळ पाहिले.

"काय घेतेस?"

"काही नाही."

"नाडी केवढी धावतेय तुझी. मी रागावणार नाही. बाटली दे."

"बाई, आठच दिवस राहिलेत. मग सोडते."

"आठ दिवस तुझं हृदय निभावेल, असं मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. बाटली हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत. मग स्वतः नेऊन मला दवाखान्यात दाखल केले.

दवाखान्यातले त्यांचे प्राध्यापक म्हणत, या लठ्ठ मुली आळशी आहेत, निम्मे खा म्हणावे. बाईंनी भर बैठकीत त्यांना सांगितले, "या मुली दिवसभर कशा जगतात, ते आपण एकीलाही विचारलेलं नाही." बाईंची शिष्यवृत्ती त्याच प्राध्यापकांच्या सहीवर होती. ती सही कित्येक महिने अडली. हे मला पुढे एका परिचारिकेने सांगितले. बाईंनी कधीच नाही.

मला मात्र त्यांनी न्याहारी करायला लावली आणि रोज सकाळी नेकार नदीच्या काठाने चालायला नेले.

इंजिनिअर आले, तेव्हा वडीलधाऱ्या म्हणून बाईच बसल्या होत्या.

"फोटोत तुम्ही बारीक होतात," ते म्हणाले.

मीच म्हणाले, "हो. आता अशी आहे."

ते स्थळ मोडले. वडिलांनी बाईंना कडक पत्र लिहिले. बाईंनी उत्तर पाठवले, "मुलगी बरी आहे आणि शिकते आहे. दोष माझ्यावर ठेवा." माझे वजन सावकाश उतरले, फोटोइतके कधीच नाही. डॉक्टरेट मात्र वेळेत झाली आणि वडिलांनी बाईंना आभाराचे पत्र पाठवले.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी बाईंना विश्रांती सांगितली. ती त्या घेत नाहीत. बाई, घ्या. आपल्याला निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळावे, या इच्छेत आमचा स्वार्थही आहे. दवाखान्याच्या बाकावर आजही मुली आपली वाट पाहत बसलेल्या असतात.