भिंतीवरची तिरकी रेघ

माझी आत्या चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होती. लोक तिला टिकटिकबाई म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. ती घड्याळाला कान लावून उभी असताना कुणी बोललं की संपलं. "थांब रे, ते बोलतंय ना!" असं खेकसायची, आणि घरातली थोरली माणसंसुद्धा निमूट गप्प बसायची.

चार वर्षांपूर्वी तिचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. लंबकाच्या घड्याळाचं सगळं गणित तर आवाजावर. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं पडलं तर घड्याळ चालतं. ते लंगडं पडलं तर लंबक दमत दमत थांबतो. ते अंतरच ऐकू येईना, तेव्हा आत्याने हत्यारांची पेटी टेबलाखाली सरकवली आणि दुकानात यायचं सोडलं. "बहिऱ्या बाईने घड्याळाला हात लावू नये," एवढंच बोलली. दुकान माझ्याकडे आलं. मी तिचा भाचा, मनगटी घड्याळांचे सेल बदलण्यात तरबेज, आणि तेवढ्यावर स्वतःला फार मोठा कारागीर समजणारा.

माझा तोरा उतरवला तो मास्तरांच्या कुकूच्या घड्याळाने. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, आणि आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. घड्याळ त्यांच्या आजोबांच्या वेळचं. तासातासाला वरची खिडकी उघडून लाकडी पक्षी ओरडतो, त्यावर त्यांचा दिवस चालतो. घराला रंग द्यायचा म्हणून सुनेने घड्याळ उतरवलं, पुन्हा टांगलं, आणि तेव्हापासून ते अर्ध्या तासात बंद पडू लागलं.

मी तीन वेळा गेलो. तेल घातलं, साखळ्या पुसल्या, दर वेळी गवंड्यासारखी पाणसळ लावून, तिचा बुडबुडा मधोमध आणून घड्याळ टांगलं. सून म्हणाली, "किती सरळ बसवलंत हो!" मी फुशारलो. दुकानात पोचेपर्यंत ते बंद.

चौथ्या वेळी मास्तर म्हणाले, "बाईंना आणा."

"मास्तर, तिला ऐकू येत नाही."

"मला तरी कुठे दिसतंय? आणा."

आत्याने दोन दिवस ताकास तूर लागू दिली नाही. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते, म्हणून नको असलेला विषय निघाला की सरळ डोळे मिटून घेते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एकदाच येईन. माझ्या हातून चाललं तर चाललं. बंद पडलं तर पेटी कुणाला तरी देऊन टाक, आणि मला परत विचारायचं नाही."

तिला घेऊन मी मास्तरांकडे निघालो. तिची फजिती आपल्याला बघावी लागणार, असंच मी धरून चाललो होतो.

दुपारचे साडेतीन झाले होते. आत्या स्टुलावर चढली आणि घड्याळाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"इतकं सरळ कुणी लावलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"तरीच! अरे शहाण्या, भिंत बघायची नाही, लंबक बघायचा. त्याला जिथे चालणं सोपं जातं, तिथे टांगायचं. मग ते दिसेना का वाकडं!" ती भिंत निरखू लागली. "माझी रेघ कुठे गेली?"

रंगाखाली गेली होती. घड्याळाची चाल नीट लागली की त्याच्या खालच्या कडेने भिंतीवर खिळ्याने रेघ ओढायची, ही तिची पद्धत. म्हणजे उतरवलं तरी परत तसंच टांगता येतं. या रेघा मी घरोघर पाहिल्या होत्या. मला वाटायचं, पोरांनी ओरखडे काढलेत. दोन घरांत तर मी त्या कौतुकाने रंगाऱ्यासारखी लांबी भरून बुजवल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आत्याने लंबकाला हलका झोका दिला. मग डावा गाल घड्याळाच्या लाकडाला टेकवला, दातावर दात घट्ट दाबले आणि डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं खालच्या कडेवर. तिने घड्याळ केसभर कलवलं, थांबली. पुन्हा केसभर. पुन्हा मागे. कुणी आम्हाला गप्प बसा म्हटलं नव्हतं, पण आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. हळूहळू तिच्या पायाचा अंगठा स्टुलावर ठेका धरू लागला. मी कान देऊन ऐकलं. टिक, टॉक, टिक, टॉक. एका मापाचं, स्वच्छ. ऐकू येणाऱ्या मला तीन फेऱ्यांत जे सापडलं नाही, ते तिने ठोके हाडांत झेलून शोधलं होतं.

लंबकाच्या तारेवरचं लाकडी पान मीच उगाच वर सरकवून ठेवलं होतं, त्याने घड्याळ पुढे पळतं. तिने ते नखाच्या जाडीइतकं खाली ओढलं, काटे वेळेवर आणले, सुनेकडे बघून या वेळी पेन्सिलनेच रेघ काढली, आणि खाली उतरून खुर्चीत बसली.

चार वाजता पक्षी बाहेर आला. ती लंबकावरून नजर काढेना. पाच वाजले. तिचा चहा निवून गेला. सहाला पक्षी सहा वेळा ओरडला, मास्तरांनी सहा बोटं वर केली आणि हसले. आत्या मात्र हसली नाही. "आज चाललं. नशिबाने लागलं असेल," ती पुटपुटली.

मास्तर उठले, भिंत चाचपत आले. "कुठे काढलीत रेघ, दाखवा." मी त्यांचं बोट पेन्सिलीच्या रेघेवर ठेवलं. बोट पुढे गेलं, थांबलं, मागे आलं.

"इथे तर आधीच खाच आहे," ते म्हणाले.

मी बोट फिरवलं. रंगाखाली बुजलेली, डोळ्यांना अजिबात न दिसणारी बारीक खाच, तिची जुनी खिळ्याची रेघ. आणि नवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर तिच्यावर पडली होती. तसूभरही फरक नव्हता. मी आत्याचा हात धरला आणि तिचं बोट त्या खाचेवरून फिरवलं.

तिने स्वतःच पुन्हा एकदा त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग पदराने डोळे पुसले.

"शहाण्या," ती म्हणाली, "उद्या पेटी टेबलावर काढून ठेव."