आसूढाळ घोडी आणि सारंगखेड्याची यात्रा

सारंगखेड्याला घोडे बघायला जायचं असेल तर दत्तजयंतीच्या आगेमागेच जा. उशीर केलात तर नुसती धूळ आणि पाळणे. आता पुलावरून गाडी थेट यात्रेत जाते. मी गेले ती चीनच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या पायांच्या काळजीने!

नंदुरबारच्या शाळेत मी शास्त्र शिकवत होते. रोज उस्मानचाचांच्या टांग्यातून जायची. त्यांची घोडी पोटशूळ उठून मेली आणि दोन महिने मी पायी, आणि साठीला टेकलेले चाचा स्टेशनवर पोती उचलत. एकदा पोत्याखाली गुडघ्यावर बसलेले दिसले; उठताच येईना. अशी आणखी दोन महिने हमाली केली असती तर माणूस गेलाच असता. शेवटी त्यांच्या बायकोने, सकीनाचाचीने, अंगावरची चांदी मोडली आणि मला म्हणाली, "बाई, तुम्हीन बी चला. शिकेल मानूसना पुढे दलाल दबीसन बोलस."

सकाळच्या गाडीने दोंडाईचा. तिथे मिरच्या वाळत घातलेल्या, शिंका देत देतच एस.टी.त चढलो. तापीवर तेव्हा पूल नव्हता. नावेत माणसं, कोंबड्या आणि एक बावरलेलं शिंगरू. पलीकडे उतरलो तर नजर जाईल तिथे घोडे. मी तर हरखूनच गेले. दत्ताचं दर्शन घेतलं, चाचीने आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा वाळूत बसून खाल्ला. मुक्काम तिच्या मावसबहिणीकडे. तुम्ही जाल तेव्हा राहण्याची सोय आधी करून ठेवा, ऐनवेळी काही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी खरेदी. चाचा घोडीचे पाय चाचपत, दात बघत. चाची अंगावरचे भोवरे बघायची. केसांचा भोवरा कुठे आहे त्यावर जनावर शुभ की अशुभ ठरतं. दुपारपर्यंत तिने अकरा घोड्या नापास केल्या. मी वर्गात कधी इतकी पोरं नापास केली नाहीत. बरी होती ती परवडत नव्हती, परवडत होती ती लंगडत होती.

एका कडेला म्हातारे गुजर शेतकरी बदामी घोडी धरून उभे होते. चाचांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथेच थांबले. पाय मजबूत, स्वभाव गरीब. पण शेतकऱ्यांनी आपणहून सांगितलं, "डोयाखाले आसूढाळ शे. सांगीसन इकस मी. मागला सालमा मन्ही बायको गयी. लोके म्हनतस, हाई घोडीनीच तिले खादं."

अश्रू ओघळतो तिथे भोवरा असलेली ती आसूढाळ. धन्याच्या घरात रडं आणते म्हणे. म्हणूनच ती चाचांच्या आवाक्यात होती.

माझं डोकं फिरलं. "अहो, केस आहेत ते! माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत, दोन लग्नं होणार म्हणायचे. एक तरी झालं का?" आजूबाजूचे हसले. चाचाही हसले. रुमालाखाली चाचांचा आणि शेतकऱ्यांचा हात गेला, बोटं दाबून भाव झाला, सौदा ठरला.

आता दोरी घ्यायची. विकणाऱ्याच्या हातातून जो पहिल्यांदा दोरी घेतो, जनावराचा गुणदोष त्याच्या कपाळी, असं तिथे मानत. चाचांचा हात पुढे होईना. ते मला म्हणाले, "बाई, तुम्हीच घ्या ना. तुमचा तर विश्वासच नाही."

मी हात पुढे केला. आणि थांबले. माझा धाकटा भाऊ लडाखला फौजेत होता आणि तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं. माझा हात हवेतच राहिला, देवाशपथ!

चाची पुढे आली. "मन्हा तीन लेकरे मातीमा शेतस. आते हाई बिचारी आखो काय रडावनार शे? आना भाऊ, आठे ती दोरी." तिने दोरी घेतली आणि घोडीच्या डोळ्याखाली, नेमकी त्या भोवऱ्यावरून, पदराने धूळ पुसली. म्हातारे शेतकरी तोंड फिरवून उभे राहिले.

चाचा घोडीला घेऊन उथळ पाण्यातून नदी ओलांडून पायी निघाले. आम्ही दोघी नावेने, मग गाडीने परतलो. वाटेत चाची केळी सोलून मला देत होती, जणू काही झालंच नव्हतं. मला ते फार लागलं.

खोलीचं दार उघडलं तर फटीतून टाकलेलं भावाचं पत्र पडलेलं. खुशाल होता. मी रडले. आणि पहिला विचार काय आला सांगू? बरं झालं, दोरी मी घेतली नाही. ज्या बाईने ती घेतली तिचं काय, हे मनात आलंच नाही. चाचीला मी हे कधी सांगू शकले नाही. पुढची कितीतरी वर्षं तिच्याच घोडीच्या टांग्यातून मी शास्त्र शिकवायला जात होते.