तानबाराच्या हिसातोमोचं कापलेलं नाव

नुकादा गिन्साकु यांनी सत्तेचाळीस वर्षं तलवारींच्या पात्यांना झिलई दिली आणि त्यांतली निदान चाळीस वर्षं त्यांना तलवारींविषयी बोलणाऱ्या माणसांची किळस होती. ती ते लपवत नसत. तलवार-अभ्यास मंडळाच्या बैठकीत कोणी पात्यावर वाकून ‘आहाहा’ करू लागला, की ते मोठ्याने खाकरत. "थुंकी उडतेय. उद्या तिथं गंज चढेल, आणि मग त्यालाही तुम्ही जुनं म्हणाल."

लोक हसत. शिकलगार म्हटला की असा फटकळ असायचाच, अशी त्यांची समजूत होती, आणि आमच्या नदीकाठच्या गावात नुकादांइतका हात असलेला दुसरा शिकलगार नव्हता. मंडळाच्या सगळ्या तलवारी त्यांच्याकडे येत. त्यांचं पोट त्यावरच चाले.

मी गावच्या अभिलेखागारात काम करते. तलवारींपेक्षा तलवारींचे कागद मला अधिक कळतात. आयझोनोबाईंच्या तलवारीच्या निमित्ताने नुकादांशी माझा संबंध आला. बाईंचे पती वारले होते. त्यांनी शोवा कालगणनेच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, घेतलेली तलवार बाई गावच्या नव्या प्रदर्शन-दालनाला देणार होत्या. पात्यावर कारागिराचं नाव नव्हतं. मात्र साध्या लाकडी म्यानावर कुंचल्याने लिहिलेलं होतं : ‘बिझेन प्रांत, इचिमोंजी घराणं. शंका नाही.’ खाली सही कादोवाकी यांची. कादोवाकी म्हणजे नुकादांचे दिवंगत गुरू. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या घराण्याची तलवार मिळाली, तर दालनात मधली काचपेटी तिचीच, असं मंडळाचे अध्यक्ष ओतोगावा यांनी ठरवून टाकलं होतं. दालनाच्या समितीने मात्र अट घातली : मंडळाने पातं बघून कारागीर ठरवावा आणि अभिलेखागाराने कागद तपासावेत.

म्हणून मी ती तलवार घेऊन नुकादांच्या कार्यशाळेत गेले. उत्तरेच्या खिडकीतून सपाट उजेड येत होता. पाण्याच्या लाकडी घंगाळात दगड भिजत पडले होते. त्यांनी पात्याला वाकून नमस्कार केला, म्यानातून ते वीतभर बाहेर काढलं, आणि लगेच परत सरकवलं.

"घेऊन जा."

"मुठीतला भाग पाहिला नाहीत."

"पाहायची गरज नाही."

ही गोष्ट मी वहीत नोंदवली. निनावी पात्याचा कर्ता ओळखायचा, तर मूठ काढून तिच्या आत दडलेलं पात्याचं शेपूट आधी बघतात. तिथला गंज, कानशीचे ओरखडे, मूठ अडकवायच्या खिळीचं भोक, हीच त्या पात्याची कागदपत्रं. ज्या माणसाने आयुष्यभर हे वाचलं, त्याने ते वाचायला नकार दिला होता. माझ्याकडे न बघता त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.

पुढचे अकरा दिवस मी जुनी नोंदणीपुस्तकं चाळली. युद्धानंतर प्रत्येक तलवारीची नोंद सक्तीची झाली, तेव्हाची ही पुस्तकं : शेपूट वगळून पात्याची लांबी, वाक, भोकं, नाव. आयझोनोबाईंच्या पात्याइतकीच लांबी असलेली चार पाती सापडली. वाकही तंतोतंत जुळणारं एकच होतं. त्याला एक भोक होतं, बाईंच्या पात्याला दोन आहेत. आणि त्यावर नाव होतं : ‘तानबारा गावचा हिसातोमो, आन्सेईचं सहावं वर्ष’. म्हणजे जेमतेम दीडशे वर्षांपूर्वीचं. ते पातं एका दारूभट्टीवाल्याने शोवाच्या पस्तिसाव्या वर्षी विकलं होतं. त्यानंतर ते कोणत्याही कागदावर नाही.

हा पुरावा नव्हे, योगायोग असू शकतो, असं स्वतःला बजावून मी नोंदीची नक्कल नुकादांपुढे ठेवली.

त्यांनी ती बराच वेळ वाचली. मग डाव्या हाताने चष्मा काढला.

"वाक मोजायला चुकले नाहीत तेव्हा," ते म्हणाले. "सरकारी माणसं, पण चुकली नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे कापलं मी. सव्वीस वर्षांचा होतो. गुरुजींनी पातं शेगडीशेजारी ठेवलं आणि म्हणाले, गिन्साकु, ह्याच्या शेपटावर एक भिकार नाव आहे, ते काढून टाक. चार बोटं लांबीचं शेपूट करवतीने कापलं. टोक कानशीने गोल केलं. वर दुसरं भोक पाडून ते झिजवलं. मग शेपूट मातीत पुरलं. मीठ, आंबलेलं पाणी, आणि माझंच मूत. तीन महिने. बाहेर काढलं तेव्हा गुरुजींनी नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाले, झाली सातशे वर्षं."

मी नाक मुरडून मागे सरकले. त्यांनी ते पाहिलं आणि खूश झाल्यासारखे हसले.

"बरं वाटलं. आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून कोणाचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं नव्हतं."

"पण का? हिसातोमोचं काम वाईट होतं?"

"वाईट? अगं पोरी, धारेला पाणी देताना लवंगेच्या कळ्यांसारखी रेघ ओढलीय त्याने, एकही कळी सांडलेली नाही. चांगलं होतं म्हणून तर कापलं! नाव राहिलं असतं, तर तानबाराचा कोणी खेडवळ लोहार. नाव गेलं, की कोणीही होऊ शकतो. मग ओतोगावासारखे लोक त्याला हवं ते नाव देतात."

"कापलेला तुकडा कुठे आहे?"

"विहिरीत. ती विहीर बुजली."

"मग पुरावा नाही."

"मी कबूल करतोय ना!"

"कबुली हाही कागदच, नुकादा-सान. खोटा असू शकतो. गुरूवर राग असेल. मंडळावर असेल."

ते इतक्या जोरात हसले, की घंगाळातलं पाणी हललं. काय जाणार होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कादोवाकींच्या हस्ताक्षरातली म्यानं मंडळाच्या घराघरांत होती, निदान ऐंशी. एक खोटं ठरलं, की ऐंशी संशयित. आणि नुकादांचं प्रामाणिक म्हणून असलेलं नाव, त्यावर येणारं काम, दोन्ही गेलं असतं. आयझोनोबाईंची तलवार मात्र ज्याची आहे त्याच्या नावावर लागली असती.

"बैठक रविवारी आहे," मी म्हणाले.

"मला कॅलेंडर वाचता येतं."

बैठक देवस्थानाच्या कचेरीत भरली. ऑक्टोबर असूनही उकडत होतं. पांढऱ्या कापडावर पातं ठेवलं होतं आणि, मंडळाच्या रिवाजाप्रमाणे, शेपटाला फडकं गुंडाळलेलं होतं. सदस्याने पातं उजेडात धरून बघायचं, बोलायचं नाही, चिठ्ठीवर कारागिराचं नाव लिहायचं. रिवाज चांगला आहे. पण म्यान शेजारीच ठेवलेलं होतं, अक्षरांची बाजू वर करून. नुकादांसकट मी बारा माणसं मोजली. त्यांतल्या अकरा जणांनी पात्याआधी म्यान वाचलं. नंतर पात्याकडे बघून त्यांनी जे समाधानाचे सुस्कारे सोडले, ते अजून आठवले की मला अंग धुवावंसं वाटतं. एकाने तर पात्याला लावलेल्या लवंगेच्या तेलाचे हात रुमालाला पुसून तोच रुमाल डोळ्यांना लावला.

चिठ्ठ्या उघडल्या. अकरा वेळा इचिमोंजी. बारावी हिसातोमो.

ओतोगावांनी ती दोनदा वाचली. "सेन्सेई, हा कोण?"

"तानबाराचा लोहार. हे पातं त्याचं आहे. त्याचं नाव मी कापलं, गुरुजींच्या सांगण्यावरून."

मग मागून कोणी तरी म्हणालं, "यंदा उन्हाळा फारच लांबला बुवा," आणि हशा पिकला.

"सेन्सेई गंमत करतायत," ओतोगावा म्हणाले. "अहो, पात्याच्या अंगावरची ही धुक्यासारखी सावली बघा! ही जुन्या बिझेनशिवाय कुठं दिसते?"

"माझ्या कार्यशाळेत दिसते. आम्लाने पाडलीय मी ती."

"काय ही नम्रता! आपल्या झिलईला असं आम्ल म्हणणारा दुसरा कलावंत नाही." ओतोगावांनी इतरांकडे बघितलं, इतरांनी माना डोलावल्या. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "कादोवाकी-सेन्सेईंचा तरी मान ठेवा. ते आता उत्तर द्यायला नाहीत."

नुकादांनी फडकं सोडलं. खिशातून एक लोखंडी पट्टी आणि कानस काढली, पट्टी गुडघ्यात धरली आणि डाव्या हाताने दहा-बारा ओरखडे ओढले. ती पट्टी त्यांनी शेपटाच्या कापलेल्या टोकाशेजारी ठेवली. दोन्हीकडचे ओरखडे सारख्याच उलट्या बाजूला झुकलेले होते. मी दोन्हींचं छायाचित्र घेतलं.

"डावखुरा माणूस असा घासतो," नुकादा म्हणाले. "बघा. एवढं तरी बघा."

सात जणांनी पाहिलंच नाही. जेवणाचे डबे आले होते, ते उघडण्यात त्यांचं लक्ष होतं.

"सातशे वर्षांपूर्वीही डावखुरे लोहार असतीलच की," ओतोगावा म्हणाले.

तर्क म्हणून हे बरोबर होतं. मी ते टिपूनही घेतलं. इतकं बरोबर आणि इतकं घाणेरडं वाक्य माझ्या वहीत दुसरं नाही.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. ‘एकमताने’ असं लिहा, असं ओतोगावांनी सांगितलं. नुकादा-सेन्सेईंना थकवा आहे, त्यांच्या नावाला डाग लागू नये, ही आपली जबाबदारी आहे, असंही म्हणाले. त्यांना वाचवत होते ते! मी अकरा विरुद्ध एक असं लिहिलं आणि नुकादांचं बोलणं शब्दशः खाली घातलं. ओतोगावांनी त्यावर शिक्का मारला नाही.

आयझोनोबाई तोवर भिंतीशी बसून होत्या. त्या उठल्या, गुडघ्यांवर हात टेकत पात्याजवळ आल्या.

"नुकादा-सान, माझ्या यजमानांनी ही घेतली, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"ते तुमच्याकडे दर वर्षी तेल लावायला आणत. तुम्ही चहा पाजायचात त्यांना."

"हो."

"मग मी घरी जाते," बाई म्हणाल्या. "ओतोगावा-सान, दालनाला दुसरी शोधा. खोटं नाव लावून मी देणार नाही. आणि नुकादा-सान, तुमच्याकडेही पुन्हा येणार नाही." त्यांनी पातं म्यानात घातलं, कापडात गुंडाळलं, आणि एकाही डब्याला हात न लावता त्या गेल्या.

महिनाभरात मंडळाच्या सदस्यांनी आपापल्या तलवारी नुकादांकडून परत नेल्या. रागाने नव्हे. प्रत्येकाने हिरव्या द्राक्षांची पेटी आणली, तब्येतीची काळजी घ्या म्हणाला, आणि सेन्सेईंनी आता विश्रांती घ्यावी असं सुचवलं. कोणीही ‘तुम्ही फसवलंत’ असं म्हणालं नाही. नुकादांना हेच सहन होत नव्हतं.

"तोंडावर थुंकले असते, तर मी पुसून टाकलं असतं," ते म्हणाले. "हे लोक द्राक्षं देतात." पेट्या त्यांनी उघडल्या नाहीत. कार्यशाळेत आंबूस वास सुटला, चिलटं झाली. ती दगडांच्या पाण्यावर बसत.

आता ते मासळीबाजाराचे सुरे लावतात. एकदा मी म्हणाले, की निदान सुऱ्यांवर कोणी खोटी नावं लावत नाही. ते म्हणाले, "कोळीण सुरा हातात घेऊन मासा कापून बघते. ओतोगावाने आयुष्यात काय कापलंय?"

आयझोनोबाईंनी नोंदणीत दुरुस्तीचा अर्ज केला आहे. त्यासोबत माझा अहवाल जोडला आहे. त्यात मी लिहिलं : ‘कर्ता तानबाराचा हिसातोमो असणे संभवनीय. लांबी व वाक १९५१च्या नोंदीशी जुळतात. कानशीच्या खुणा साक्षीदाराच्या हाताशी सुसंगत, मात्र निर्णायक नाहीत. साक्षीदाराने त्याच वस्तूबाबत चव्वेचाळीस वर्षे सत्य दडवल्याचे स्वतः मान्य केले आहे.’

पाठवण्यापूर्वी मी तो नुकादांना दाखवला. शेवटचं वाक्य काढून टाका म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी ओल्या बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून कागद कडांनी धरला आणि शेवटपर्यंत वाचला.

"‘संभवनीय’च राहू दे," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर ‘निश्चित’ लिहिलं असतंस, तर तुझाही वीट आला असता." आणि बाजूला पडलेला सुरा उचलून त्यांनी तो दगडावर आडवा धरला.