नेढं नसलेल्या सुया

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका छापल्या. सरपंचांच्या, साहेबांच्या, एकदा तर सख्ख्या मामाच्या. स्वतःची एक मात्र आजवर तोंडातून काढली नाही. आज चहा बरा झालाय, म्हणून सांगून टाकतो. हसायचं तर शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी उठून जाईन.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. पुण्याहून बी.ए. होऊन मी शिरूरला एका दैनिकाचा वार्ताहर झालो होतो. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, आणि शिरूर-दौंडकडे जे जे वाकडं आहे ते माझ्याशिवाय सरळ होणार नाही अशी खात्री. बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं, ते पुण्याला पोचायचं, आणि दोन दिवसांनी स्टँडवर अंक आला की लोक आपल्याकडे बघून कुजबुजायचे. काय दिवस होते! आता बोटाने बटण दाबलं की बातमी जाते, पण कुजबुजत कोणी नाही.

तर तळेगाव ढमढेऱ्याला बायकांचा सरकारी शिवणवर्ग चालायचा. शिकवायला निर्मलाबाई. दौंडच्या, तिथल्या रेल्वे कॉलनीत एका गार्डच्या मडमेकडून भरतकाम शिकलेल्या. वडील गेलेले, घरी आई, आणि संसार सगळा या हंगामी नोकरीवर. हे मला नंतर कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं, पण तेच तर सांगतोय.

बाजारच्या दिवशी दुपारी मी वर्गात डोकावलो. बायका जेवायला गेलेल्या, बाई पोस्टात. टेबलावर एक पत्र्याचा डबा. वर चिठ्ठी : मोठ्या सुया, दोन डझन.

बंद डबा आणि बंद तोंड, दोन्ही वार्ताहराला सहन होत नाहीत. उघडला. आत बोटभर लांबीच्या लोखंडी काड्या. एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळत्या. टोक म्हणाल तर बोटावर दाबलं तरी ठसा उमटेना. आणि नेढं? एकीलाही नाही! दोन डझन सुयांत एकही नेढं नाही! दोरा ओवायचा कुठं, पुरवठा करणाऱ्याच्या कानात?

एक उचलली आणि बाहेर पारावर तुकाआबा बसले होते त्यांच्यापुढे धरली. आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता दोन एकर करून होते. लोकर भरायची पोती त्यांनी जन्मभर दाभणाने शिवलेली. त्यांच्याहून मोठा तज्ज्ञ कुठून आणणार?

आबांनी ती उलटसुलट फिरवली आणि म्हणाले, "हिला नेढं न्हाई, टोक न्हाई. हिनं काय शिवायचं, वारा?"

झालं! मला मथळाच मिळाला. बाईंना विचारावं असं वाटलं नाही का, असं तुम्ही विचाराल. वाटलं होतं. पण त्या वयात माझा सिद्धान्त होता की आरोपीला आधी विचारणं म्हणजे त्याला पुरावा लपवायला वेळ देणं. फाट्यावरच्या हॉटेलात बसून मी एका दमात बातमी लिहिली. 'शिवणवर्गाच्या सुया वारा शिवणार काय?' बोथट सुया, बोथट प्रशासन, भगिनींची क्रूर थट्टा. एकही विशेषण शिल्लक ठेवलं नाही.

अंक आला आणि तालुक्यात धावपळ उडाली. शिरूरहून पंचायत समितीच्या साहेबांची जीप आली. डब्याला लाखेचं सील लागलं, वर्गाला कुलूप लागलं. चौकशी होईपर्यंत शिकवणं बंद, बाईंचा पगार बंद, आणि दोष निघाला तर नोकरीही बंद. अठरा बायका हातातलं भरतकामाचं मॅटीचं कापड गुंडाळून घरी गेल्या.

मी मात्र हवेत होतो. त्यात शिपायाने बातमी दिली की सील लावताना मोजदाद केली तर काड्या तेवीसच भरल्या. एक गायब! मी लगेच दुसरी बातमी पाठवली : 'चौकशीआधीच पुरावा पळवला!' पळवणारे हात कोणाचे, असा जळजळीत सवालही शेवटी केला.

चौकशीला गाव लोटला. पारावरून उठून आबासुद्धा आले. साहेब खुर्चीवर, मी पहिला साक्षीदार म्हणून शेजारी. निर्मलाबाई समोर उभ्या. मला वाटलं होतं रडतील, भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडण माझ्या सवयीचं होतं. त्यांनी नुसतं कापड, सुई आणि दोन पदरी लाल दोरा मागितला. साहेब सील फोडायला निघाले तर म्हणाल्या, "राहू द्या साहेब, डबा कशाला फोडता? आबांना दाखवायला नेलेली काडी वार्ताहरसाहेबांच्या शबनममध्येच असेल."

मी ताडकन उठलो, शबनम टेबलावर उपडी केली. वही, पंचा, अर्धी बिडी... आणि काडी!

संतापलेल्या माणसाला स्वतःची पिशवी आठवत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पारूबाई म्हणून एक शेतकरीण होती, ती मागून म्हणाली, "सापडलं की हो पळवणारं हात!"

बाईंनी काही ऐकलंच नाही असं दाखवून आधी भरतकामाच्या चार फुल्या नुसत्या सुईने घातल्या. दोन पदर एकमेकांना पीळ घालून बसलेले, फुली कुठे जाड, कुठे बारीक. मग पुढच्या चार घातल्या. दोरा ओढताना त्या ती काडी टाक्याखाली धरायच्या. दोन्ही पदर तिच्यावर शेजारी-शेजारी सपाट यायचे, की काडी अलगद बाहेर. तेवढंच काम तिचं. शिवायचं नाही, नुसतं दोऱ्याला वळण लावायचं. म्हणून टोक नको आणि नेढंही नको. सरकारी यादीत अशा वस्तूला नावच नव्हतं, म्हणून कारकुनाने सुया लिहून टाकलं होतं.

साहेबांनी कापड खिडकीशी नेलं. पुढच्या चार फुल्या नुकत्या पेरलेल्या सऱ्यांसारख्या, एकीतही वळवळ नाही. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही बाईंना विचारलं होतं का?"

मी आबांकडे बोट दाखवलं. तज्ज्ञांचं मत घेतलं होतं, म्हणालो.

आबा शांतपणे म्हणाले, "हिनं शिवायचं न्हाई, येवढंच मी म्हटलं. आन् ते खरंच निघालं की. चोरी हाय असं कवा म्हटलं, बाळा?"

वर्ग तिथल्या तिथे उघडला. खुलासा छापायचं मी कबूल केलं. पण बाईंची एक अट होती. "खुलासा लिहा, पण आधी या काडीने एक ओळ घाला. न बघता लिहिलंत एकदा, आता करून लिहा."

अठरा बायका गोल करून बसल्या आणि मधे मी. बी.ए., पुणे! सुई धरली की काडी सुटायची, काडी धरली की दोरा गुंतायचा. पारूबाईने "दादा, दोऱ्याशी भांडू नगा, तो काय सरपंच न्हाई" असा सल्ला दिला. तासाभरात बारा फुल्या झाल्या. त्यांना फुल्या म्हणायचं की जखमा, हे तुम्ही ठरवा.

खुलासा मी मनापासून दीड पान लिहिला. संपादकांनी तो दोन ओळींचा करून कांद्याच्या भावाखाली छापला. पण बाईंना तेवढा पुरला, नोकरी टिकली.

सहा महिन्यांनी दौंडला वर्गाचं प्रदर्शन भरलं. मी गेलो. मोर, कमळं, राघू, सगळं कसं काचेवर काढल्यासारखं. लोक बोटं तोंडात घालत होते. साहेब तर पुढच्या वर्षी आणखी दोन गावांत वर्ग काढू म्हणत होते. माझा ऊर भरून आला, जणू काही मीच भरलं होतं.

आणि कोपऱ्यात एका चौकटीत माझी ओळ. त्या बारा फुल्या! खाली ठसठशीत अक्षरांत पाटी : 'काडी न वापरता घातलेले टाके.'

मी तरातरा निर्मलाबाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, ही धडधडीत खोटी पाटी आहे, काडी वापरूनच घातलेत मी.

बाई हळूच म्हणाल्या, "ठाऊक आहे हो. पण तसं लिहिलं असतं तर काडीवर विश्वास कोणी ठेवला असता?"

जन्मात तेवढी एकच खोटी पाटी मी मुकाट्याने वाचली आणि खुलासा मागितला नाही.