राखीव छत्रीचा लाल दोरा

भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी सरकारी माणूस आहे — रीतसर अर्ज आल्याशिवाय दखल घेत नाही. पंचायत समितीत लिपिक म्हणून पंचवीस वर्षं काढली, स्मशानाच्या जागेच्या फायली हाताळल्या, पण तिथल्या कुणी कधी येऊन विचारणा केली नाही. या साइटवरचे लोकांचे अनुभव वाचून मी हसलोय, दोन-तीन ठिकाणी खोचक प्रतिसादही टाकलेत. त्या मंडळींची आधी माफी मागतो, कारण आज माझी पाळी आहे.

आम्ही मोहाडीचे. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना लागतं ते. गोष्ट घडली तेव्हा गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यातून वेगळा होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण माझ्या टेबलावरच्या काही रजिस्टरांना ते अजून कळलं नव्हतं. घर कोष्ट्याचं. वडील कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणायचे. त्यांच्या मागाची खोली लांबलचक, रस्त्याच्या बाजूला. बाबा गेल्यावर माग मोडला, खड्डा बुजवला, आणि आता तिथं तांदळाची पोती, कूलर आणि मी एकदाच वापरलेली व्यायामाची सायकल असते.

बाबांची एक रीत होती. विणताना तार चुकली तर ते चूक लपवत नसत. त्या ओळीच्या काठाला लाल दोऱ्याची बारीक गाठ मारत. थान उलगडलं की घेणाऱ्याला आधी तीच दिसायची. व्यापारी नाक मुरडायचा, आई कपाळाला हात लावायची. बाबा शांतपणे म्हणायचे, "दोष कापडात हाय, मनात काहून ठेवाचा?" मी त्यांच्याकडून दोनच गोष्टी घेतल्या — तुटलेला दोरा नखाला लागणार नाही असा जोडायची कला, आणि त्यांचा आवाज. ते होते तोवर आमच्या लँडलाइनवर मी हॅलो म्हटलं की लोक मलाच "काकाजी" म्हणून बोलायला लागत. फरक एवढाच की मी घाईत अडखळत बोलतो, आणि ते प्रत्येक शब्द माप घेऊन ठेवत.

आता विलास. माझ्या बायकोचा — कुंदाचा — धाकटा भाऊ, म्हणजे माझा साळा, अड्याळचा. सैन्यात विमानातून उड्या मारायचा. निवृत्त झाल्यावर माणूस किराणा दुकान टाकतो. यानं परराज्यातल्या एका मैदानावर हौशी लोकांना उड्या मारायला शिकवायची नोकरी धरली. त्याच्या हजारावर उड्या झाल्या असतील. मी स्टुलावर चढून पंखा पुसतो तेव्हा कुंदा स्टूल धरते आणि मी कुंदाला धरतो.

त्या वर्षी दिवाळीला तो चार दिवस आमच्याकडं आला. इथून थेट कामावर जायचं म्हणून पाठीवरची पॅराशूटची पिशवी सोबतच होती; तो पॅराशूटला छत्रीच म्हणतो. चार दिवस त्याची मतं ऐकणं हीच आमची दिवाळी. त्याचं म्हणणं, उडी मारण्यात काही विशेष नाही, पडायला कुणालाही येतं, त्यासाठी शिक्षणाची गरज नाही. शिकायचं ते पडायच्या आधीचं आणि मधलं. मी भीतीबद्दल विचारलं तर म्हणाला की त्याला भीती वाटते ती माझ्या मागं स्कूटरवर बसल्यावर. वरथी रोडवर हेल्मेट न घालणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबवून हात जोडावेसे वाटतात, कारण आकाशातून पडणारे वाचायचा बंदोबस्त करून पडतात, आणि दोन फुटांवरून पडणारे काहीच बंदोबस्त करत नाहीत. गॅस बंद केल्यावर तो बटनाला पुन्हा हात लावून बघायचा. पांघरुणाची घडी अशी घालायचा की ते उघडायला जीव होईना.

आणि सरकार म्हणजे जणू मीच, अशा थाटात मला सुनवायचा. एका संध्याकाळी अंगणात चहा पिताना म्हणाला, "भाऊजी, आमच्याकडं उडीच्या आधी तीन जण तपासतेत. तुमच्याकडं तीन जण सह्या करतेत. फरक समजून राहिला न?"

मी म्हटलं, चौथ्यानं चहा आणला की आमचं काम पूर्ण होतं.

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. त्यांच्या मैदानावर म्हणे रोज संध्याकाळी सगळे गोल बसतात आणि ज्याच्या हातून जी चूक झाली ती त्यानं स्वतः सांगायची. सांगणाऱ्याला कुणी रागवत नाही, उलट त्याला चहा पाजतात. लपवणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. "सरकारनं एवढाच एक कायदा करावा," विलास म्हणाला. "जो आपली चूक आपल्या तोंडानं सांगन, त्याले माफ. अर्धे अपघात तिथंच बंद होतीन."

कुंदानं माझ्याकडं पाहिलं. "यायले तर रोजच चहा पाजा लागन," ती म्हणाली.

मी हसलो. पण कप तसाच खाली ठेवला. कारण त्याच दुपारी...

सांगतो. थांबा, ही जागा मला सोपी नाही.

सकाळी विलासनं मागाच्या खोलीत ती छत्री पसरून, पुन्हा घडी करून दाखवली होती. म्हणाला, अशी लांब खोली तर मैदानावरही मिळत नाही. पिशवीत दोन छत्र्या असतात. एक रोजची, तिची घडी तो स्वतः करतो. दुसरी राखीव, रोजचीनं दगा दिला तर. ती बांधायचा अधिकार परवाना असलेल्या माणसालाच. तो ती बंद करतो आणि जिच्यावर सगळं अडकलेलं असतं त्या पिनेला बारीक लाल दोरा बांधून शिशाचं सील लावतो. दोरा शाबूत म्हणजे कुणी हात लावला नाही. उडीआधी तपासणारे हा दोराच बघतात.

दुपारी विलास आणि कुंदा बाजारात गेले. मी पिशवी पाठीवर चढवली. का? फोटोसाठी. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "निघालो" एवढंच लिहून टाकणार होतो. पोट आत घेऊन, मोबाइल पोत्यावर टेकवून, ऐटीत वळलो... आणि छातीवरची धातूची कडी, राखीव छत्री उघडायला ओढतात ती, व्यायामाच्या सायकलच्या हँडलला अडकली. त्या सायकलनं आयुष्यात माझं एवढंच काम केलं. मी तसाच एक पाऊल पुढं गेलो, पाठीमागं 'कट्' झालं.

उतरवून बघितलं. पीन अर्धी सरकलेली, किंचित वाकलेली, आणि लाल दोरा तुटलेला.

शहाणा माणूस अंगणात येऊन बसला असता आणि सांगितलं असतं. मी पक्कड आणली. पीन आत ढकलली. कुंदाच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा घेतला आणि बाबांनी शिकवलेली गाठ मारली. चष्मा लावून बघितलं — गाठ मलाच सापडेना. खरं सांगतो, त्या क्षणी मला जरा अभिमानच वाटला. पंधरा वर्षांनी हात चालला होता.

आणि संध्याकाळी विलासनं तो कायदा सांगितला. याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी फक्त "साखर कमी आहे" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना कुंदाला सांगून गेला की रविवारी सकाळी नऊला शिकाऊ लोकांसमोर पहिली उडी त्याचीच.

शनिवारी रात्री मी झोपलो असं म्हणता येणार नाही. मनाशी हिशेब असा, की राखीव छत्री शंभरातून एकदाही लागत नाही, लागली तरी पीन आत आहे, आणि विलास इतका तपासून घेतो... पण तो काय तपासणार? दोराच ना? आणि दोरा तर मी शाबूत करून ठेवला होता. दुसऱ्या कुणाच्या हातून ते झालं असतं तर गाठ दिसली असती, विलास वाचला असता. दोरा तोडणारा कोष्ट्याच्या घरचा निघाला, तिथं घात झाला.

रविवारी साडेआठला मी घरातून पळालो. बसस्टँडजवळ तर्री-पोहे मागवले, खाल्ले नाहीत. विलासचा नंबर तीनदा काढला, तीनदा बंद केला. काय सांगणार? पन्नाशीचा माणूस, फोटोसाठी? चौथ्यांदा मात्र बटन दाबलं... नऊला दहा कमी होते. फोन बंद. उडीआधी ते मोबाइल कपाटात ठेवतात, त्यानंच सांगितलं होतं. मैदानाच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडं नव्हता. कुंदाकडंही नव्हता. तो मागायला अड्याळला विलासच्या घरी फोन करावा लागेल, कारण सांगावं लागेल, या विचारात नऊ वाजले. मग सव्वानऊ. हॉटेलवाल्यानं विचारलं, "साहेब, पोयात काही पडलं का?" मी मान हलवली आणि तिथंच बसून राहिलो. भ्याड माणूस कसा दिसतो ते बघायचं असेल तर त्या दिवशी मोहाडी बसस्टँडवर यायला हवं होतं.

दहा वाजता घरी आलो. अकराला कुंदाचा फोन वाजला. विलासचा होता. ती ऐकत गेली, तिचे डोळे भरले, आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

"भाऊजी," विलास म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस नाही."

मग तो सांगत गेला. नऊला पाच कमी असताना, विमानाकडं निघताना त्याला ऑफिसातून हाक आली. लँडलाइनवर फोन होता. मी होतो. म्हणजे माझा आवाज. मी म्हणे सरळ सांगितलं — पिशवी घालून पाह्यली, कडी अडकली, पीन वाकली, पकडीनं दाबली, दोरा जोडून ठेवला, गाठ दिसणार नाही, डाव्या अंगाला नखानं चाचपून पाहा. विलासनं उडी थांबवली. परवानावाल्याला बोलावलं. दोघांना मिळून गाठ सापडायला बराच वेळ लागला. पीन बघून तो माणूस खालीच बसला. म्हणाला, ही वेळेवर निघाली नसती, किंवा विमानाच्या दारातच निघाली असती, दोन्ही सारखंच.

"मी इतकी वर्षं पोरायले शिकवून राहिलो," विलास म्हणाला, "पण अशी चूक सांगताना कोणाले ऐकलं नाही. न अडखळता, एकेक शब्द मोजून. तुमी एवढं हळू बोलता हे मले माहीतच नव्हतं."

फोन कानाला लावूनच मागाच्या खोलीत आलो. मी पोत्यावर बसलो.

"एक विचारू काय, भाऊजी? शेवटी तुमी जे बोलले ते मले समजलं नाही."

"काय बोललो?" मी कसंबसं विचारलं.

"तुमी म्हनले, 'लाल दोरा आमच्या घरी दोष दाखवाले बांधतेत, झाकाले नाही.' आणि फोन ठेवून देल्ला. म्हणजे काय होय ते?"

माझं लग्न होऊन विलासशी नातं जुळलं तोवर बाबा गेले होते, माग मोडलेला होता. बाबांच्या लाल दोऱ्याबद्दल मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुंदालाही नाही, तिला मी फक्त स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतो. मी म्हटलं, असंच, जुनी म्हण आहे.

फोन ठेवल्यावर कुंदा म्हणाली, "मले वाटलंच. नऊच्या सुमारास मागाच्या खोलीत तुमी बोलून राहिले होते न? मी भाकरी थापत होती, मनात म्हनलं, आज एवढ्या सबुरीनं कोनासंग बोलून राहिले."

मी नऊ वाजता बसस्टँडवर होतो. पोह्यांचं पातेलं, तो हॉटेलवाला, समोर थांबलेली तुमसर गाडी, सगळं साक्षीला आहे. मोबाइल माझ्या खिशात होता आणि त्यात एकच कॉल नोंदलेला होता — विलासचा बंद नंबर. घरची लँडलाइन बाबांच्या माघारी दोन वर्षांनी आम्ही काढून टाकली होती. मागाच्या खोलीत भिंतीवर तिच्या वायरचा एक तुकडा तेवढा लोंबतो.

लोकांना विचारून बघितलं, आडून आडून. एक जण म्हणाला, विलासला स्वतःलाच आतून शंका आली असेल. मग गाठ डाव्या अंगाला आहे हे त्याला आतून कसं कळलं? दुसरा म्हणाला, तूच केला असशील फोन, धक्क्यानं विसरला असशील. हे मला फार आवडलं होतं. बरेच दिवस मी तेच धरून बसलो. पण माझ्याकडं नसलेल्या नंबरवर, घरात नसलेल्या फोनवरून बोलायची हिंमत माझ्यात असती, तर आधी अंगणात चहा पिताना बोललो नसतो का?

तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत माझं वजन वाढलं आहे. विलास दर वर्षी नव्या शिकाऊंना गोल बसवून पहिल्या संध्याकाळी माझी गोष्ट सांगतो. "माझे भाऊजी, साधा क्लार्क माणूस..." अशी सुरुवात करतो म्हणे. ज्यानं आयुष्यभर स्वतःची पिशवी, माझी स्कूटर आणि सरकारचा कारभार तपासून बघितला, त्या माणसानं हे एकच न तपासता घेतलं. दिवाळीला येतो तेव्हा माझा चहा तोच करतो, आणि मी पितो.

मला अजून काही उलगडलेलं नाही. उलगडेल असं वाटतही नाही. मागाच्या खोलीत मी एकटा असलो की कधीकधी हॅलो म्हणून बघतो. माझाच आवाज येतो, अडखळलेला.

विलास इथं वाचतो, मला माहीत आहे. विलास, तो फोन मी केला नव्हता.