कोणते शिंदे?

नोकरीचे अर्ज भरणाऱ्याला नोकरी मिळो न मिळो, किस्से मात्र न मागता मिळतात. कर्नाटकातल्या बिदरला अप्पांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी आणि गौतम शिंदे काही वर्षं तेवढंच करत होतो. मी कोहिनूर गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. गौतम कमठाण्याचा. त्याच्या लहानपणीच त्यांचं सगळं घर बौद्ध झालेलं. सरकारला आम्हा दोघांबद्दल भलतंच कुतूहल होतं. धर्म कोणता, जात कोणती, घरात काय बोलता, अंगावर खूण कुठं आहे. टायपिंग येतं का, हे सगळ्यात शेवटी विचारायचे, तेही कागदावर जागा उरली तर.

*

मातृभाषेच्या रकान्यात मी 'मराठी' सांगितलं आणि अप्पांनी मशीन थांबवलं.

"कामून?"

"आई मराठी बोलती म्हणून."

आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडायला उर्दू, हे अप्पांना ठाऊक होतं. ते शांतपणे म्हणाले, "नोकरी कुठं मागायलास ते आधी बघ. मग आई ठरव."

मी आई बदलली नाही. ती नोकरीही लागली नाही, आणि अप्पा आठवडाभर माझ्याकडं बघून मान हलवत राहिले.

*

एका फॉर्मवर प्रश्न होता, 'या राज्यात केव्हा आलात?' मी घरी जाऊन वडिलांना विचारलं. वडील निजामाच्या राज्यात जन्मले, शाळाही तिथलीच. पुढं म्हैसूर राज्य आलं, मग त्याचं कर्नाटक झालं. माणसानं गावची वेस कधी ओलांडली असेल तर ती बैलबाजारापुरती.

"आम्ही कुठं आलोत?" वडील म्हणाले. "राज्यच यायलंय आमच्याकडं. एकदा येतंय, एकदा जातंय. तसंच लिव."

मी तसंच लिहिलं. उत्तर आलं नाही.

*

अप्पांची एक खोड होती. एक फॉर्म मनाजोगता टाइप झाला की त्याचा नमुना समोर ठेवून ते पुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरायचे. नाव-गाव तेवढं बदलायचं, बाकी बोटं आपोआप चालायची. ओळखीची खूण म्हणून 'उजव्या गालावर तीळ' कुणाला तरी खरोखर होता. पुढं तो आम्हा सगळ्यांना झाला.

एका मुलाखतीत साहेबांनी माझा गाल बघितला, मग फॉर्म, मग परत गाल. "बिदरमधल्या सगळ्यांना एकाच गालावर तीळ येतो का हो?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो, "आम्ही एकाच मास्तरांचे हाओत."

शकुंतलाअक्काचं तर विचारूच नका. ती अप्पांकडूनच फॉर्म भरून नर्सच्या जागेसाठी गेली होती. 'हयात पत्नी किती?' या प्रश्नापुढं अप्पांनी सवयीनं 'एक' टाइप केलेलं. साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे हसायची वाट बघू लागले.

अक्का म्हणाली, "बरोबर हाय साहेब. घरात पत्नी एकच हाय. मीच ती."

तिला नोकरी लागली. आमच्यात तेवढी एकच.

*

मागासवर्गाच्या नव्या यादीची बातमी आली, तेव्हा कचेरीसमोर दाखल्यासाठी रांग लागली. गौतम सकाळपासून उभा. राजेश्वर गावाकडचे एक पाटील जीपमधून उतरले, मिशीला पीळ देत सरळ खिडकीपाशी गेले. पोराला मागास ठरवून घ्यायचं होतं. जन्मभर गावात कुणाला पुढं चालू दिलं नाही त्या माणसानं.

गौतमनं मागून आवाज दिला, "पाटील, निदान मागास व्हायला तरी आमाला पुढं जाऊ द्या की."

पाटलांना ऐकू आलं नाही. अशा लोकांना नेमकं तेव्हाच ऐकू येत नाही.

*

आता गौतमचीच गोष्ट, नव्वद सालाच्या आधीची, बौद्ध झालेल्यांना राखीव जागा मिळत नव्हत्या तेव्हाची. गुलबर्ग्याला एका सरकारी ऑफिसात क्लार्कच्या जागा निघाल्या, त्यात एक अनुसूचित जातींसाठी राखीव. गौतमचं वय त्या वर्षानंतर मर्यादेबाहेर जाणार होतं. म्हणजे ही शेवटची संधी. अप्पांनी नमुन्याप्रमाणं त्याच्या धर्माच्या रकान्यात 'हिंदू' टाइप करून टाकलं. गौतम म्हणाला, बदला.

"अरे, ऱ्हाऊ दे तसंच," अप्पा म्हणाले. "बौद्ध लिवलास तर सवलत जाती. कागदच हाय. देव काय फॉर्म वाचायलाय व्हय?"

"देव न्हाई वाचत अप्पा. माझी आई वाचती. बौद्ध झाल्यावर शिकलीय ती वाचायला."

 अप्पांनी मशीनमध्ये नवा कागद घातला. मला मात्र गौतमचा राग आला होता. एका शब्दापायी हा पोटावर पाय देऊन घेतोय, असंच मला वाटलं.

मुलाखतीला मीही होतो, खुल्या जागेसाठी. दाराशी बाकावर बसलो होतो. शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला. आमच्याच भागातला होता. प्रत्येकाला नाव विचारत कप देत आला.

"गौतम शिंदे," गौतम म्हणाला.

"कोणते शिंदे?"

"कमठाण्याचे."

"तसं न्हाई. गावात घर कोणत्या अंगाला?"

गौतमनं सांगितलं. शिपायानं हातातला कप परत ट्रेमध्ये ठेवला, खिडकीत पालथा घातलेला एक काचेचा गिलास उचलला, त्यात किटलीतला चहा वरून ओतला आणि दिला. तेवढ्यात आतून गौतमच्या नावाचा पुकारा झाला. तो गिलास हातात घेऊनच आत गेला. दार उघडंच राहिलं.

साहेब भला माणूस होता, आवाजही मवाळ. फॉर्म बघून म्हणाला, "शिंदे, तुम्ही बौद्ध लिहिलंय. मग राखीव जागा तुम्हाला देता येणार नाही. बौद्ध झालात म्हणजे तुम्हाला आता जात राहिली नाही. नियमच आहे तसा."

गौतमनं हातातला गिलास साहेबांच्या कपाशेजारी ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "एवढं तुमच्या शिपायाला पण सांगा."