हौसाच्या माठातलं पाणी

भूतखेत, देवरुषी, अंगात येणं... असलं मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. चौथी शिकलोय, पण जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहितोय.

पंचावन-छपन साल असेल. घर पिंपळे सौदागरला, नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात — तेजाबी सांडपाणी तपासायच्या खोलीत. तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात पाणी घ्यायचं, साहेबांनी दिलेलं हिरवं औषध ओतायचं, बूच लावून हलवायचं. औषध जड, तळाला बसतं. पाण्यात तांबं असलं की ते ओढून घेऊन लाल होतं. लाल झालेलं तोटीनं सोडायचं, नवं हिरवं घालायचं. दोन-तीनदा केलं की हिरवं हिरवंच राहतं... म्हणजे तांबं संपलं.

माझी बायको हौसा टोमणा मारायची. "आवं, दिसभर नरसाळं हलवता, अन् घरी पाळणा हलवायला हात दुखत्यात व्हय?" पाळण्यात आमची तान्ही मुलगी.

हौसा पोटाच्या कळांनी गेली. डॉक्टरला कारण सांगता आलं नाही. माझा संशय आमच्या प्यायच्या विहिरीवर — कारखान्याचा नाला तिच्या कडेनंच जायचा, नि तांबं जास्त पोटात गेलं की कळा येतात. अन् मुलगी त्याच पाण्यावर वाढणार होती. मयताच्या घरातलं पाणी ओतून देतात, तसं माझ्या आईनं सगळं ओतलं. हौसानं शेवटचा भरलेला मातीचा माठ होता, त्यातलं बाटलीभर मी आधीच काढून ठेवलं होतं.

सुतक फिटल्यावर कामावर गेलो ते दोन बाटल्या घेऊनच. विहिरीचं ताजं पाणी आधी हलवलं. हिरवंच राहिलं. मग माठातलं... लाल. सोडलं, नवं घातलं, पुन्हा लाल. किती वेळा केलं — रंग जरासुद्धा फिका होईना. साहेबांनी नरसाळं बदललं. साध्या पाण्यावर औषध पारखलं, तिथं हिरवं. माठातही विहिरीचंच पाणी होतं की!

औषध संपत आलं तेव्हा साहेबांनी माझा हात धरला. "सोड आता."

"कसं सोडू, साहेब? अजून येतंय."

त्यांनीच माझ्या हातातनं नरसाळं काढून घेतलं अन् मोरीत रिकामं केलं.

साहेबांना ते कधी उलगडलं नाही. मलाही नाही. कुणी शहाणा सांगेल तर ऐकेन, पटेलच असं नाही.

मुलगी त्याच विहिरीवर वाढली, आता आजी झालीय. मीही तेच पाणी प्यालो. एकही दिवस पोट दुखलं नाही... त्याचंच वाईट वाटतं.